शेवटची खूण

त्या रजिस्टरात खाडाखोड चालत नसे. शाईने लिहिलेली ओळ चुकीची ठरली तरी ती तशीच ठेवायची, तिच्याखाली दुसरी ओळ लिहायची, आणि त्या दुसऱ्या ओळीपुढे बेपत्ता माणसाच्या सर्वांत जवळच्या नातेवाइकाची सही घ्यायची. हा नियम मला पहिल्याच दिवशी सांगण्यात आला. मी तो वहीत टिपून घेतला आणि त्याखाली इंग्रजीत शेरा लिहिला: पद्धत जुनाट, बदलता येईल.

मी तेव्हा केंब्रिजला पीएचडीच्या तिसऱ्या वर्षात होते. जनुकांमधले बदल आणि आजार यांच्यातले संबंध संख्याशास्त्राने तपासणं हे माझं काम. पुढच्या फेलोशिपचा अर्ज तयार होत आला होता. त्यातला एकच रकाना रिकामा होता. तुमच्या कौशल्याचा विद्यापीठाबाहेर कोणाला उपयोग झाला, असा त्याचा आशय होता. माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नव्हतं. विद्यापीठातला एक गट छोट्या संस्थांना संगणकाची कामं करून देणारे स्वयंसेवक पुरवत असे. त्यांच्या यादीतली मी एक ओळ निवडली: बर्मिंगहॅममधल्या उइगर निर्वासितांना त्यांच्या बेपत्ता नातेवाइकांची यादी नीट लावून हवी आहे. निवडीची कारणं दोन होती. केंब्रिजहून बर्मिंगहॅमला थेट ट्रेन होती आणि यादी लहान होती.

पडद्यांच्या कापडाच्या दुकानावरची ती खोली हे त्यांचं कार्यालय होतं. भिंतीवर चंद्रकोर आणि तारा असलेला आकाशी झेंडा, खाली इलेक्ट्रिक किटली, कपाटात टाइप केलेल्या पत्रकांचे गठ्ठे. चीन ज्या प्रदेशाला शिनजियांग म्हणतो आणि हे लोक ज्याला पूर्व तुर्कस्तान म्हणतात, त्याच्या स्वातंत्र्यासाठी तीन माणसांनी याच खोलीत एक समिती स्थापन केली होती. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. त्या तिघांतले एक पूर्वीच वारले होते. दुसरे भांडून बाहेर पडले होते. तिसरे समोर खुर्चीवर बसून मला वाटीतून चहा देत होते.

सगळे त्यांना अध्यक्ष म्हणत. मी त्यांना काका म्हणू लागले, कारण आमच्या घरी त्या वयाच्या पुरुषाला दुसरं काही म्हणायची मला सवय नव्हती. त्या प्रदेशातल्या काश्गर शहरात ते भूगोलाचे शिक्षक होते. वर्गात सरकारच्या मते चुकीचा नकाशा काढल्याबद्दल पकडले गेले, सुटल्यावर डोंगर ओलांडून पाकिस्तानात आले, काही वर्षं रावळपिंडीत राहिले आणि मग इथे पावाच्या कारखान्यात लागून तिथूनच निवृत्त झाले. त्यांचं इंग्रजी कारखान्यापुरतं होतं. रावळपिंडीचं उर्दू मात्र शाबूत होतं, आणि माझं हिंदी लंडनजवळच्या मेडनहेडमधल्या आमच्या घरात टीव्हीवरून शिकलेलं. त्या दोन मोडक्या भाषांवर आमचं छान भागत असे.

"दुसरे संस्थापक का गेले?" मी विचारलं होतं.

"एक लफ़्ज़ के लिए," ते म्हणाले. त्या दुसऱ्या गृहस्थांचं मत असं पडलं होतं, की जाहीरनाम्यातला 'स्वातंत्र्य' हा शब्द काढून 'स्वायत्तता' घातला, तर इथले खासदार निदान भेटतील तरी. काकांनी नकार दिला. दोघं काश्गरच्या एकाच गल्लीतले. इथेही ते एकाच बसच्या मार्गावर राहत होते, आणि गेली कित्येक वर्षं त्यांच्यात एक शब्दही बोलला गेला नव्हता. "हम दो आदमी थे, पार्टियाँ तीन बन गईं," असं म्हणून काका हसले. समितीच्या सचिव हसल्या नाहीत. त्या चाळिशीतल्या होत्या, हॉस्पिटलमध्ये रुग्णांची देखभाल करण्याच्या नोकरीत होत्या आणि ड्यूटीचा निळा अंगरखा घालूनच कार्यालयात येत. त्यांचा धाकटा भाऊ रजिस्टरात होता.

काकांची मुलगीही रजिस्टरात होती. ते निघाले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. त्यानंतर त्यांनी तिला पाहिलं नाही. मधली काही वर्षं फोनवर बोलणं होत असे, तेवढंच. ती रसायनशास्त्राची शिक्षिका झाली होती. मग तिकडे धरपकड सुरू झाली, माणसं छावण्यांत नेली जाऊ लागली, आणि एका आठवड्यात तिचा फोन बंद झाला. तिने काही केलं होतं असं नव्हे. ती संस्थापकाची मुलगी होती.

"आज़ादी मैंने माँगी," काका एकदा म्हणाले, "जवाब उससे पूछा गया."

रजिस्टर त्यांनीच सुरू केलं होतं. प्रत्येक बेपत्ता माणसाला एक पान. शेवटच्या रकान्याचं नाव होतं 'शेवटची खूण'. त्या माणसाबद्दल बाहेर पोचलेली सर्वांत अलीकडची गोष्ट तिथे लिहिली जाई. दर शुक्रवारी नमाजानंतर मंडळी जमत आणि आपापल्या फोनवर नातेवाइकांची खाती उघडून बघत. तिकडच्या एका ॲपवर ही खाती होती. बहुतेक सगळी एकाच वर्षी गोठलेली. तेच जुने फोटो, तेच जुने चेहरे. काहींना त्यांच्या आई-बापांनीच यादीतून काढून टाकलं होतं. परदेशातलं नातं हाच गुन्हा असल्यावर दुसरं काय करणार! पण काढून टाकणं हीदेखील खूण धरली जाई. ज्या दिवशी आईने तुमचं नाव पुसलं, त्या दिवशी आई जिवंत होती आणि घरी होती. सचिवबाईंच्या आईच्या पानावर तसंच लिहिलेलं होतं.

खूण नोंदवण्यासाठी दोन साक्षीदार लागत. दोघंही त्या घराला ओळखणारे हवेत, दोघांना वेगवेगळं विचारायचं, आणि हाती आलेली वस्तू दाखवण्याआधी विचारायचं. म्हणजे एखादा फोटो आला, तर तो समोर न ठेवता आधी म्हणायचं, त्या घराच्या अंगणाबद्दल सांगा, भिंतींबद्दल सांगा. दोघांचं सांगणं जुळलं आणि फोटोशीही जुळलं, तरच शाई. पूर्वी एका कुटुंबाला मुलगा गेल्याची बातमी घाईने दिली गेली होती. त्यांनी मृतासाठीची प्रार्थना केली, लोकांना जेवू घातलं, आणि नंतर त्या मुलाचा फोन आला. तेव्हापासून हा नियम.

मला हे सगळं संथ आणि भाबडं वाटलं. खुणा तपासायला म्हाताऱ्यांच्या आठवणी कशाला हव्यात? बदल मोजता येतो.

ही कल्पना मला कुठून सुचली ते मला नेमकं माहीत आहे. आमच्या मेडनहेडच्या घरी आई रोज सकाळी चहा टाकण्याआधी फोन उघडून कोथरूडच्या आजीचं 'लास्ट सीन' बघते. "पावणेसातला ऑनलाइन होती," असं म्हणून मग गॅस लावते. फोन करण्याची गरज नसते. एकदा आजीने दिवसभर फोन उघडला नव्हता, तर आईने समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंना उठवून दार वाजवायला लावलं. आजी कोणाच्या तरी मंगळागौरीला गेली होती. आमच्या घरात माणूस धडधाकट असल्याचा पुरावा म्हणजे ती वेळ. माझ्या ओळखीच्या प्रत्येक मराठी घरात थोड्याफार फरकाने हेच चालतं. तिकडे म्हातारं माणूस, इकडे एक छोटी ओळ.

मी एक प्रोग्रॅम लिहिला. रजिस्टरातल्या प्रत्येक फोन नंबरावरचं खातं तो रोज तपासून येई. फोटो, नाव किंवा नावाखालचा शेरा, यांपैकी काहीही बदललं की मला सूचना. तीन शनिवार-रविवारांत काम झालं आणि मला त्याचा अभिमान वाटला. प्रोग्रॅममध्ये एका जागी मी स्वतःसाठी एक टीप लिहून ठेवली होती: नंबर बंद पडून दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिला गेला असेल तर? हे नंतर पाहू.

आईला माझं हे काम पसंत नव्हतं. "अगं, हे पॉलिटिकल आहे," ती म्हणाली. "उद्या तुला चायनात कॉन्फरन्सला जायचं झालं तर? आणि आपला काय संबंध?"

"मी फक्त डेटा बघते, आई."

"हो, आणि मी फक्त लास्ट सीन बघते," असं म्हणून ती भाजी चिरायला निघून गेली.

वसंत ऋतूत कळलं, की जूनमध्ये लंडनला एक सुनावणी होणार आहे. वकिलांचं एक मंडळ छावण्यांबद्दलच्या साक्षी नोंदवणार होतं. न्यायालयाचे अधिकार त्यांना नव्हते, पण तिथे नोंदलेलं नाव जगापुढे राहणार होतं. आणि ज्याचं नाव जगापुढे आहे त्याला मारून टाकणं निदान थोडं अवघड जातं, अशी सगळ्यांची आशा होती. हिशोब कठीण होता. माणूस तुरुंगात असेल, तर त्याचं नाव घेणं हाच एक उपाय. तो सुटून घरी आला असेल, तर त्याचं नाव घेणं म्हणजे त्याला पुन्हा आत पाठवणं. काकांनी बोलायचं ठरवलं. मुलीचा नवव्या वर्षीचा, दोन वेण्यांचा फोटो त्यांनी मोठा करून घेतला. ते बोलणार म्हणून आणखी तीन कुटुंबं तयार झाली. सचिवबाई शेवटी बोलणार होत्या.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी मी प्रयोगशाळेत असताना माझ्या प्रोग्रॅमची पहिली सूचना आली. नंबर काकांच्या मुलीचा. फोटो बदललेला. जुन्या फोटोत शाळेच्या फळ्यापुढे उभी असलेली बाई होती. आता तिथे पांढऱ्या-गुलाबी फुलांनी लहडलेली एक फांदी होती आणि मागे मातीची भिंत.

मी काय करायला हवं होतं, हे रजिस्टरात लिहिलेलं होतं. सचिवबाईंना कळवायचं आणि गप्प बसायचं. मी कॉरिडॉरमध्ये जाऊन थेट काकांना फोन लावला. माझ्या आवाजात काय होतं ते मला आजही ऐकू येतं. चांगला आलेख हाती आल्यावर मी ज्या आवाजात मार्गदर्शकांच्या खोलीत शिरते, तोच आवाज.

"काका, तिने फोटो बदलला. आज. तिचा फोन चालू आहे."

त्यांनी मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग, "पक्का?"

"पक्का," मी म्हणाले आणि फोटो पाठवून दिला.

दहा मिनिटांनी त्यांचा फोन आला. ते रडत होते. ती फांदी त्यांनी ओळखली होती. त्यांच्या अंगणातला जर्दाळू. भिंतीपाशी तो असाच वाकलेला, असंच वळण. मुलगी घरी आली होती, अंगणात उभी होती आणि बापाला समजेल असं काहीतरी दाखवत होती. ते हे सांगत असताना मला एका क्षणासाठीही शंका आली नाही. माझं मोजमाप आणि त्यांची आठवण जुळत होती. दोन स्वतंत्र पुरावे. ते स्वतंत्र नव्हते, हे समजायला मला पाच महिने लागले. मी फोटो आधी दाखवला होता.

शुक्रवारी कार्यालयात वाद झाला. मीही तिथे होते.

"दुसरा साक्षीदार?" सचिवबाईंनी इंग्रजीत विचारलं. "ते घर ओळखणारं इथे आणखी कोण आहे? तुमचे मित्र. ते तुमच्यानंतर दोन वर्षांनी तिथून निघाले. मी आज संध्याकाळी जाऊन त्यांना विचारते. फोटो न दाखवता."

"त्याला नाही विचारायचं," काका म्हणाले.

"एका शब्दासाठी?"

"माझ्या मुलीबद्दल मी त्याला काही विचारणार नाही."

"मग नोंद होणार नाही."

काकांनी रजिस्टर स्वतःकडे ओढलं. "हे मी सुरू केलं आहे," ते म्हणाले आणि स्वतःच्या हाताने, शाईने, मुलीच्या पानावर शेवटच्या रकान्यात त्यांनी लिहिलं. जिवंत. घरी. अंगणातल्या जर्दाळूचा फोटो. मग सही केली. दुसऱ्या सहीची जागा कोरी राहिली.

सचिवबाई माझ्याकडे वळल्या. "सायंटिस्ट मॅडम, तुमच्या लॅबमध्ये असं चालतं?"

मी त्यांना सांगितलं, की अचूकतेच्या दृष्टीने माणसांच्या स्मरणापेक्षा आपोआप होणारी तपासणी केव्हाही अधिक विश्वासार्ह असते. हे वाक्य मी शब्दशः असंच बोलले होते. ते विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

मुलगी घरी आहे, म्हणजे तिचं नाव घ्यायचं नाही. काकांनी सुनावणीतून नाव मागे घेतलं. नंतर अध्यक्षपदही सोडलं. बाप चळवळीत नाही असं तिकडच्या कोणाला तरी कळावं, हा हेतू. झेंड्यासमोर काढलेले स्वतःचे सगळे फोटो त्यांनी समितीच्या इंटरनेटवरच्या पानावरून उतरवायला लावले, आणि ते मीच उतरवले. मग ती तीन कुटुंबं आली. त्यांचं म्हणणं एकच होतं: अध्यक्षांची मुलगी सुटली असेल, तर आमचीही माणसं सुटत असतील, आम्ही आता बोलून त्यांचा घात का करावा? तिन्ही कुटुंबांनी माघार घेतली. जूनमध्ये सचिवबाई एकट्याच बोलल्या. मी मागच्या रांगेत होते. त्यांनी भावाचं नाव, त्याची उंची, त्याच्या हनुवटीवरचा व्रण आणि शेवटची खूण, असं सगळं सपाट आवाजात सांगितलं. मंडळातल्या एका वकिलांनी विचारलं, बाकीचे साक्षीदार? त्या म्हणाल्या, "त्यांना चांगली बातमी मिळाली आहे."

आणि काका सुखात होते, हेही लिहायला हवं. त्या महिन्यांत मी कार्यालयाऐवजी त्यांच्या घरी जात असे. ते भट्टीसारख्या तापलेल्या ओव्हनमध्ये नान भाजत, त्यावर कलौंजी टाकत आणि मला बांधून देत. आईला ते नान आवडले. "काय करतात गं हे लोक पिठात," ती म्हणाली आणि काकांसाठी तिने चकल्यांचा डबा पाठवला. काकांनी खिडकीत जर्दाळूचं एक रोप लावलं होतं. इथल्या उन्हात त्याला कधी फळ धरणार नाही, हे भूगोलाच्या शिक्षकाला माहीत असणारच.

मे महिन्यात माझी फेलोशिपची मुलाखत झाली होती. त्या रकान्याबद्दल विचारल्यावर मी म्हणाले होते, की आम्ही बनवलेल्या साध्या पद्धतीमुळे एका बेपत्ता स्त्रीचा ठावठिकाणा तिच्या वडिलांना कळला. पाचही परीक्षकांनी वर पाहिलं होतं. जुलैत फेलोशिपचं पत्र आलं.

ऑगस्टच्या शेवटी दुसरे संस्थापक वारले. दफनाला काका गेले, पण सगळ्यांच्या मागे, फाटकापाशी उभे राहिले आणि कोणाशीही न बोलता परतले. नंतर सचिवबाई त्या घरी भेटायला गेल्या. चहा घेताना त्यांनी त्या गृहस्थांच्या पत्नीला काश्गरच्या गल्लीबद्दल विचारलं. सहज नाही; त्या नियम पाळत होत्या. अध्यक्षांच्या घराचं अंगण कसं होतं?

बाईंनी भिंत सांगितली, पाण्याचा पाट सांगितला, पायऱ्या सांगितल्या. झाड? जर्दाळू होता की. अध्यक्ष निघून गेले, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या बायकोने तो तोडून जळणाला घेतला. घरात कोळसा नव्हता. मुलगी बुंध्यावर बसून रडत होती, ते या बाईंनी स्वतः पाहिलं होतं.

सचिवबाईंनी मला फोन केला आणि एवढंच सांगितलं. आवाज चढवला नाही.

मी त्याच दुपारी प्रोग्रॅम उघडला. मी लिहून ठेवलेली टीप जिथल्या तिथे होती. मग मी ते केलं, जे एप्रिलमध्ये करायला हवं होतं. नुसता फोटो न पाहता त्या खात्यावरचं बाकी सगळं पाहिलं. खातं नव्याने उघडलेलं होतं. सुरुवातीला त्यावर फुलांच्या फांदीखेरीज काही नव्हतं. आता त्यावर एक तरुण जोडपं होतं, मोबाइलची कव्हरं विकणारं, दुसऱ्याच प्रांतातल्या शहरातलं. मुलीचा नंबर दोन-तीन वर्षं बंद होता. कंपनीने तो पुन्हा विकला होता. फांदी बहुधा कुठल्या तरी सहलीत काढलेली. खातं नाहीसं होणं हा बदल माझ्या प्रोग्रॅमच्या हिशोबात नव्हताच, त्यामुळे मुलीचं स्वतःचं खातं कधी नाहीसं झालं, हे सांगायला माझ्याकडे कोणताही आकडा नव्हता. तिची खरी शेवटची खूण फळ्यापुढचा तो जुना फोटोच होता.

तेव्हा मला त्या नियमाचा अर्थ लागला. दोन साक्षीदार, वेगवेगळे, वस्तू न दाखवता. आम्ही औषधांच्या चाचण्या ज्या काटेकोरपणाने करतो आणि ज्याचा आम्हाला इतका अभिमान असतो, तोच काटेकोरपणा पडद्यांच्या दुकानावरच्या खोलीत एका भूगोलाच्या शिक्षकाने शोधून काढला होता. मी तो नियम मोडला, आणि माझ्यामुळे त्यानेही.

पुढच्या शनिवारी मी आणि सचिवबाई काकांच्या घरी गेलो. रजिस्टर सचिवबाईंच्या पिशवीत होतं. सुनावणीच्या मंडळाने उशिरा येणाऱ्या लेखी साक्षींसाठी सप्टेंबरअखेरपर्यंत मुदत ठेवली होती. म्हणजे तीन आठवडे उरले होते. काकांनी नवी ओळ मान्य करून सही केली, तर मुलीचं नाव अजूनही नोंदवता येणार होतं आणि ती तीन कुटुंबंही कदाचित परतली असती. हे सगळं मी ट्रेनमध्ये मुद्देसूद लिहून काढलं होतं.

काकांनी चहा ओतला, नान मोडून मधोमध ठेवला. मी सांगितलं. नंबर, कंपनी, नवीन जोडपं, दुकान. कुठेही न थांबता सांगितलं, कारण थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं. फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो पाहिला नाही.

मग सचिवबाईंनी त्यांच्या भाषेत झाडाबद्दल सांगितलं. बुंध्यावर बसलेल्या मुलीबद्दलही सांगितलं असावं, कारण काकांनी तोंडावर हात ठेवला.

"जर्दाळू सब जगह होते हैं," हात खाली घेऊन ते म्हणाले. "उसने कोई दूसरा देखा होगा."

"काका, तो नंबर आता तिचा नाही."

"पक्का?"

माझ्या तोंडून शब्द निघून गेल्यावरच मला कळलं, की मी काय बोलले. "पक्का."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग असता तर मला सोपं गेलं असतं. वर्गातल्या हुशार मुलीने सोपा प्रश्न चुकवल्यावर शिक्षक पाहतो तसं ते पाहत होते.

"तब भी पक्का था, बेटी. अब भी पक्का है. मैं कौनसा पक्का लूँ?"

मी फोन खाली ठेवला. सचिवबाईंनी रजिस्टर उघडून त्यांच्यासमोर ठेवलं, पेन ठेवलं आणि त्यांच्या भाषेत विनवणी केली. मुदतीचा शब्द इंग्रजी होता, तेवढा मला समजला. काकांनी पेनाचं टोपण लावलं आणि ते परत केलं.

"मैं दस्तख़त करूँ," ते मला म्हणाले, "तो उसे वापस अंदर भेजने वाला मैं. मैं एक दफ़ा भेज चुका हूँ."

मुदत संपली. ती तीन कुटुंबं आली नाहीत. फेलोशिपच्या कार्यालयाला मी ईमेल लिहिली: मुलाखतीत दिलेलं उदाहरण चुकीचं होतं, ती स्त्री सापडलेली नाही. त्यांचं उत्तर सौजन्यपूर्ण होतं. त्यांनी माझ्या प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले, नोंद घेतल्याचं कळवलं, आणि निर्णयावर याचा काही परिणाम होत नसल्याचंही कळवलं. आता मला खिडकी असलेली खोली मिळाली आहे.

प्रोग्रॅम मी बंद केला. आता मी महिन्यातून एकदा जाते आणि सचिवबाई सांगतील ते टाइप करते. काका कार्यालयात येत नाहीत. मी घरी गेले तर चहा देतात. नान बांधून देत नाहीत. मुलीचा विषय निघत नाही. खिडकीतलं रोप एका हिवाळ्यात गेलं, कुंडी तिथेच आहे.

मागच्या खेपेला रजिस्टर उघडलेलं होतं आणि ते पान समोर आलं. जिवंत. घरी. अंगणातल्या जर्दाळूचा फोटो. काकांचं सुबक, शिक्षकी अक्षर. ती ओळ बदलण्याचा अधिकार असलेला जगात एकच माणूस आहे, आणि तो ती बदलणार नाही. त्यांच्यानंतर तर ती तशीच राहील.

"निदान समासात," मी सचिवबाईंना म्हणाले, "पेन्सिलीने मी काही लिहून ठेवू का? चूक माझी होती, एवढंच."

त्या निळ्या अंगरख्याची बटणं लावत होत्या. त्यांना ड्यूटीला जायचं होतं.

"पेन्सिल या रजिस्टरात चालत नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पान उलटून आपल्या भावाचं काढलं.